आवर्तसारणीतील अणूंचे आकारमान : पाठ्यपुस्तकातून काय निसटते?

महाराष्ट्र राज्याच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात (२०१८) 'मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण' हे दुसरे प्रकरण आहे. त्यात अणु-आकारमानाला पाऊण पानाच्या आसपास जागा मिळाली आहे. त्या पाऊण पानाचे परीक्षण करण्यासाठी एवढा लेख कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, पुढे पदार्थविज्ञान किंवा रसायनशास्त्र घेऊन पदव्युत्तर वर्गापर्यंत पोहोचणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोक्यात अणूच्या आकाराविषयी जे काही असते, ते बहुतेक या पाऊण पानावरूनच आलेले असते. त्यात पडलेली गाठ पुढे सहजी सुटत नाही.

आधी पुस्तकाच्या बाजूने जे म्हणण्यासारखे आहे ते म्हटले पाहिजे. दुसऱ्या आवर्तातील सहा मूलद्रव्यांच्या अणुत्रिज्या मुद्दाम विस्कटून दिल्या आहेत आणि विद्यार्थ्याने त्या उतरत्या क्रमाने लावून आवर्तसारणीशी ताडून पाहाव्यात अशी अपेक्षा आहे. नियम आधी सांगून उदाहरणे मागून देण्यापेक्षा ही रीत कितीतरी चांगली. लिथिअम १५२, बेरिलिअम १११, बोरॉन ८८, कार्बन ७७, नायट्रोजन ७४, ऑक्सिजन ६६ पिकोमीटर, असा क्रम मुलांना आपणहून सापडतो आणि सापडल्याचा आनंदही होतो. मग पहिल्या गणातील धातूंची तशीच यादी येते. शेवटी दोन वाक्ये हाती लागतात: आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना त्रिज्या कमी होते, गणात वरून खाली जाताना वाढते. फळ्यावर दोन बाण काढले की तास संपतो. परीक्षेत 'शास्त्रीय कारणे द्या' मध्ये हाच प्रश्न येतो, तीन ओळींचे ठरलेले उत्तर लिहिले जाते आणि पूर्ण गुण मिळतात.

यात चुकीचे काहीच नाही. आमची तक्रार वेगळी आहे. ज्या गोष्टीचे आकडे दिले ती गोष्ट मोजली कशी, हे पुस्तक सांगत नाही, आणि न सांगितल्यामुळे आकडे खरे असूनही त्यांचा अर्थ हरवतो.

पुस्तकाच्या मते अणुकेंद्रकापासून बाह्यतम कक्षेपर्यंतचे अंतर म्हणजे अणुत्रिज्या. ऐकायला हे सोपे वाटते. पण बाह्यतम कक्षा ही काही कुंपणासारखी रेषा नव्हे. इलेक्ट्रॉनांचा मेघ केंद्रकापासून दूर जाताना विरळ होत जातो, एकदम संपत नाही. आमचे शहर दरवाजांचे शहर म्हणून ओळखले जाते. जुन्या काळी कोट होता, दरवाजे होते, शहर कोठे संपते हे लहान मूलही सांगू शके. आज वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याकडे वस्ती पसरलेली असताना छत्रपती संभाजीनगर नेमके कोठे संपते? महानगरपालिकेचा नकाशा एक सांगेल, रिक्षावाला दुसरे, पोस्टखाते तिसरे. तिघांपैकी कोणीच खोटे बोलत नाही. तिघांचे काम वेगळे म्हणून तिघांची हद्द वेगळी. अणूचेही तसेच आहे, आणि दहावीच्या मुलाला एवढे समजावयास पुंजयामिकीची गरज नाही.

मग हे आकडे येतात कोठून? दोन शेजारी अणूंच्या केंद्रकांमधील अंतर मोजता येते. स्फटिकावर क्ष-किरण टाकून ते अचूक मिळते. त्या अंतराचा निम्मा भाग म्हणजे त्रिज्या असे आपण ठरवतो. क्लोरिनच्या रेणूत हे अंतर १९९ पिकोमीटर, म्हणून त्रिज्या ९९. हिऱ्यात दोन कार्बन अणूंमध्ये १५४, म्हणून ७७. सोडिअम धातूत शेजारच्या अणूंमध्ये ३७२, म्हणून १८६. येथपर्यंत ठीक. पण शेजारी कोण आणि नाते कसले, यावर अंतर अवलंबून असते हे उघड आहे. बंधाने जखडलेले दोन क्लोरिन अणू एकमेकांत घुसलेले असतात. दोन वेगवेगळ्या रेणूंतील क्लोरिन अणू नुसते टेकतात, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १७५ पिकोमीटर येतात. एकच अणू, पण एका कोष्टकात ९९ आणि दुसऱ्यात १७५. पहिलीला सहसंयुज त्रिज्या म्हणतात, दुसरीला व्हॅन डर वाल्स त्रिज्या, आणि धातूतील अंतरावरून काढलेली ती धात्वीय त्रिज्या.

आता पुस्तकातील सहा आकड्यांकडे पुन्हा पाहू. लिथिअमचे १५२ आणि बेरिलिअमचे १११ हे धातूतील अंतरांवरून आले आहेत. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांचे आकडे सहसंयुज बंधांवरून. म्हणजे एकाच ओळीत अर्ध्या कापडाला गज लावला आहे आणि अर्ध्याला मीटर. सर्वांना एकच माप लावले तर काय दिसते? २००८ साली स्फटिकांच्या मोठ्या माहितीसाठ्यावरून तयार केलेल्या सहसंयुज त्रिज्यांच्या कोष्टकात लिथिअम १२८, बेरिलिअम ९६, बोरॉन ८४, कार्बन ७६, नायट्रोजन ७१, ऑक्सिजन ६६, फ्लुओरिन ५७ असे आकडे आहेत. उतार कायम राहिला, पण सुरुवातीचा कडा बराच निवळला. लिथिअमपासून ऑक्सिजनपर्यंतची घट पुस्तकाप्रमाणे ८६ पिकोमीटर होती, ती ६२ झाली. उरलेले २४ पिकोमीटर निसर्गाचे नव्हते, ते मापपट्टी बदलल्याचे होते.

हा फरक क्षुल्लक म्हणून सोडून देता आला असता, पण त्याचा पुढचा परिणाम क्षुल्लक नाही. आवर्ताच्या शेवटी निऑन येतो. निऑन कोणाशी बंध करीत नाही. म्हणून त्याच्यासाठी नुसत्या टेकलेल्या अणूंचे अंतर वापरतात आणि आकडा येतो १५५ ते १६०. शेजारी फ्लुओरिन ५७ किंवा ६४. मार्गदर्शकांतून आणि भिंतीवरच्या तक्त्यांतून मग लिहिलेले असते की निष्क्रिय वायूपाशी त्रिज्या एकदम वाढते. एवढ्यावर थांबत नाही, त्याला कारणही जोडले जाते: अष्टक पूर्ण झाल्यामुळे इलेक्ट्रॉनांमधील प्रतिकर्षण वाढते, वगैरे. जी घटना घडलीच नाही तिचे शास्त्रीय कारण विद्यार्थी पाठ करतात. विज्ञानशिक्षणात याहून वाईट गोष्ट आम्हांस तरी चटकन आठवत नाही. २०१६ साली मार्टिन राम, रोआल्ड हॉफमन आणि नील ॲशक्रॉफ्ट यांनी ९६ मूलद्रव्यांच्या सुट्या अणूंची त्रिज्या एकाच व्याख्येने गणिताने काढली. इलेक्ट्रॉनमेघाची घनता एका ठरावीक, अतिशय कमी मूल्यापर्यंत जेथे उतरते तेथे अणूची हद्द, अशी ती व्याख्या. तिच्याप्रमाणे लिथिअम २२०, कार्बन १९०, ऑक्सिजन १७१, फ्लुओरिन १६३ आणि निऑन १५६. उतार अखंड आहे, निऑनपाशी उडी नाही. कार्बनचा आकडा ७७ वरून १९० झाला म्हणून दचकू नये. येथे सुट्या अणूची कड मोजली आहे, बंधातील निम्मे अंतर नव्हे.

कारणमीमांसेकडे वळू. पुस्तक म्हणते की आवर्तात पुढे जाताना इलेक्ट्रॉन त्याच कक्षेत भरले जातात, केंद्रकावरील धनप्रभार वाढत जातो, म्हणून इलेक्ट्रॉन आत ओढले जातात. वर्गातील एखादी चौकस मुलगी येथे हमखास विचारते, "पण सर, इलेक्ट्रॉनही वाढले ना? ते एकमेकांना ढकलणार नाहीत का?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि पुस्तकात त्याला उत्तर नाही. उत्तर असे की ढकलतात, पण पुरेसे नाही. आतल्या कक्षेतील इलेक्ट्रॉन बाहेरच्याला केंद्रकापासून चांगले झाकतात. त्याच कक्षेतील भाऊबंद मात्र एकमेकांना फारसे झाकू शकत नाहीत, कारण ते केंद्रकापासून साधारण सारख्याच अंतरावर असतात. जॉन स्लेटर यांनी १९३० मध्ये याचा हिशेब घालून दिला. त्याच कक्षेतील प्रत्येक सोबती ०.३५ एवढा प्रभार झाकतो, लगतच्या आतल्या कक्षेतील प्रत्येक इलेक्ट्रॉन ०.८५, त्याहून आतला पूर्ण १ (सर्वांत आतल्या जोडीसाठी आकडा किंचित वेगळा आहे, आणि डी-इलेक्ट्रॉनांसाठीही, तो तपशील सोडून देऊ). लिथिअमच्या बाह्य इलेक्ट्रॉनाला ३ मधून १.७ वजा जाऊन १.३ प्रभार जाणवतो. बेरिलिअममध्ये केंद्रकाचा प्रभार १ ने वाढला, झाकण ०.३५ ने वाढले, म्हणजे १.९५. पुढे दर घराला ०.६५ ची भर: बोरॉन २.६, कार्बन ३.२५, फ्लुओरिन ५.२. वजाबाकी येणाऱ्या कोणत्याही मुलाला हे करता येते. करून पाहिल्यावर 'धनप्रभार वाढतो' या मोघम वाक्याला धार येते.

गणाच्या बाबतीत हाच हिशेब आणखी मौजेचा आहे. लिथिअमपासून सोडिअमपर्यंत केंद्रकाचा प्रभार ३ वरून ११ वर गेला. मग सोडिअमचा अणू लहान का होत नाही? नवी कक्षा आली, हे पुस्तकी उत्तर बरोबर आहे, पण अर्धे. ११ मधून आतल्या आठांचे ६.८ आणि त्याहून आतल्या दोघांचे २ वजा केले की उरतात २.२. पोटॅशिअममध्ये १९ मधून ६.८ आणि १० वजा केले तरी २.२ च उरतात. म्हणजे ओढ तीच आणि कक्षा मात्र बाहेरची, अणू वाढणारच.

पण किती वाढणार? धातूंतील त्रिज्या लिथिअम १५२, सोडिअम १८६, पोटॅशिअम २२७, रुबिडिअम २४८, सीझिअम २६५. पायऱ्या मोजा: ३४, ४१, २१, १७. पोटॅशिअमनंतर पायरी एकदम निम्म्यावर आली. बाण हे दाखवीत नाही. पोटॅशिअम आणि रुबिडिअम यांच्या मधल्या ओळीत स्कँडिअमपासून जस्तापर्यंतची दहा मूलद्रव्ये शिरली आहेत, आणि त्यांचे इलेक्ट्रॉन केंद्रकाला नीट झाकत नाहीत. याचा सर्वांत ठळक परिणाम तेराव्या गणात दिसतो. ॲल्युमिनिअमची सहसंयुज त्रिज्या १२१, त्याच्या खालच्या गॅलिअमची १२२. एक अख्खी कक्षा वाढली आणि अणू जवळजवळ तेवढाच राहिला. स्लेटरच्या हिशेबाने जाणवणारा प्रभार ३.५ वरून ५ वर गेलेला आहे, हे शिक्षकांनी स्वतः काढून पाहावे.

अशी उदाहरणे अपवाद म्हणून तळटिपेत टाकण्याची पद्धत आहे. आमच्या मते ती खरी मध्यवर्ती उदाहरणे आहेत, कारण मुलांच्या ओळखीचे पदार्थ तेथे भेटतात. बेरिलिअम आणि बोरॉन ग्रामीण मराठवाड्यातील किती मुलांनी पाहिले असतील? आम्हीही बेरिलिअम बाटलीतच पाहिले आहे. उलट सोने-चांदी प्रत्येक घराच्या बोलण्यात असते. पैठण येथून पन्नासएक किलोमीटरवर आहे. पैठणीची पारंपरिक जर म्हणजे चांदीची बारीक तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. आवर्तसारणीत सोने चांदीच्या बरोबर खाली आहे. बाणाचा नियम लावला तर सोन्याचा अणू ठळकपणे मोठा हवा. प्रत्यक्षात दोन्हींची धात्वीय त्रिज्या १४४ पिकोमीटर आहे. त्यांच्या स्फटिकांच्या घरांची लांबी चांदीत ४०८.६ आणि सोन्यात ४०७.८ पिकोमीटर, म्हणजे फरक हजारात दोनचा, आणि तोही सोने लहान असल्याच्या बाजूने. सोने आणि चांदी कोणत्याही प्रमाणात एकमेकांत विरघळतात याला हा सारखेपणा बराचसा कारणीभूत आहे. (मुलामा टिकण्याचे सारे श्रेय मात्र आकाराला देऊ नये. त्यात कारागिरी आहे, उष्णता आहे, धातूंचा मऊपणा आहे.)

सराफाच्या दुकानात सोने हाताला जड लागते ते का, याचेही उत्तर येथेच आहे. चांदीचा अणुभार १०७.९, सोन्याचा १९७. गुणोत्तर १.८३. घनता अनुक्रमे १०.५ आणि १९.३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. गुणोत्तर १.८४. तेवढ्याच जागेत तेवढेच अणू बसतात, फक्त प्रत्येक अणू वजनदार. सोन्याच्या आधीच्या भागात लँथॅनमनंतरची चौदा मूलद्रव्ये दडलेली आहेत. त्या ओळीत त्रिप्रभारी आयनाची त्रिज्या लँथॅनमच्या १०३ पासून ल्युटेशिअमच्या ८६ पर्यंत हळूहळू उतरते. ही साठवलेली घट पुढच्या सर्व मूलद्रव्यांना वारशाने मिळते. सोन्याच्या बाबतीत आणखी एक कारण आहे: इतक्या मोठ्या प्रभाराच्या केंद्रकाजवळून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या तुलनेत नगण्य राहत नाही आणि सापेक्षतेच्या परिणामाने बाह्य कक्षाही आवळते. याच वारशाने झिर्कोनिअम (१६०) आणि हॅफ्निअम (१५९) जुळ्या भावंडांसारखे झाले. झिर्कोनिअम १७८९ पासून ठाऊक असूनही त्याच्याच खनिजांत मिसळलेले हॅफ्निअम १९२३ पर्यंत कोणाला ओळखू आले नाही. कोपनहेगनमध्ये कोस्टर आणि हेवेशी यांनी ते क्ष-किरणांच्या मदतीने पकडले.

येथे पुस्तकाने इतिहासाची जी बाजू गाळली आहे तिचा उल्लेख करणे भाग आहे. मेंडेलीव्ह भरपूर येतो आणि यावाही. पण त्याच सुमारास लोथार मायर यांनी १८७० मध्ये अणुघनफळाचा आलेख प्रसिद्ध केला होता. त्या काळी अणूची त्रिज्या मोजण्याचे साधन नव्हते. त्यांनी एवढेच केले की अणुभाराला घनतेने भागले. आलेखात शिखरे आली ती सर्व अल्क धातूंची. आकारमानाची आवर्तिता माणसाला प्रथम दिसली ती अशी, तराजू आणि पाणी यांच्या जोरावर. ब्रॅगने क्ष-किरणांवरून अणुत्रिज्यांचे कोष्टक केले ते पुढे पन्नास वर्षांनी, १९२० मध्ये.

शाळेच्या प्रयोगशाळेत लोथार मायरचे काम सहज करता येते, आणि आमच्या मते पुस्तकातील तयार आकड्यांची यादी लावण्यापेक्षा ते अधिक मोलाचे आहे. वेष्टन काढलेल्या तांब्याच्या तारेचे भेंडोळे तोलावे, मोजपात्रातील पाण्यात बुडवून घनफळ घ्यावे. ८९.६ ग्रॅम तांबे १० मिलिलिटर पाणी सारते. अणुभार ६३.५ ला घनता ८.९६ ने भागले की ७.१ घन सेंटिमीटर. एवढ्या जागेत ॲव्होगाड्रोच्या संख्येएवढे, म्हणजे ६.०२ गुणिले १० चा २३ वा घात इतके अणू. भागाकार केला आणि घनमूळ काढले की एका अणूच्या वाट्याला येणाऱ्या घनाची बाजू २२८ पिकोमीटर मिळते. अणू पेटीसारखे नसून लाडवांसारखे रचलेले असतात, म्हणून तांब्याच्या रचनेसाठी या बाजूला १.१२ ने गुणावे लागते (२ चे सहावे मूळ). उत्तर येते २५६, त्याचे निम्मे १२८. तांब्याची पुस्तकी त्रिज्या १२८ पिकोमीटरच आहे. ॲल्युमिनिअमच्या तारेला हेच केले तर अणुघनफळ १०, बाजू २५५, अंतर २८६ आणि त्रिज्या १४३. मासे धरण्याच्या गळाचे शिसे घेतले तर १७५. हे तिन्ही धातू एकाच प्रकारे रचलेले आहेत, म्हणून गुणक तोच चालतो. लोखंड आणि जस्त यांची रचना वेगळी. त्यांच्यासाठी अणुघनफळापर्यंतच थांबावे.

शाळेच्या मोजपात्राने एवढी अचूकता कशी येईल, अशी शंका शिक्षकांना येईल. घनफळात शेकडा पाच चूक झाली तरी घनमूळ घेतल्यावर ती शेकडा पावणेदोनच्या आत येते, म्हणजे १२८ च्या जागी १२६ किंवा १३० मिळेल. पन्नास रुपयांच्या मोजपात्रातून अणूची त्रिज्या दोन पिकोमीटरच्या फरकाने हाती येते. हे मुलांना एकदा करू द्यावे.

अणुघनफळांची ओळ पुढे चालवली तर बाणाविषयी आणखी एक शंका उभी राहते. लोखंड ७.१, कोबाल्ट ६.६, निकेल ६.६, तांबे ७.१, जस्त ९.२. डावीकडून उजवीकडे जाताना घट थांबते आणि मग वाढ होते. बाजारात मिळणारे निम्मे धातू ज्या पट्ट्यात आहेत तेथेच नियम लागू पडत नाही, आणि पुस्तक त्या पट्ट्याविषयी गप्प आहे.

आता आमच्या रोजच्या कामाकडे येतो, कारण आमची नाराजी मूळ तेथून सुरू झाली. येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात फेराइट या चुंबकीय पदार्थांवर अनेक वर्षे संशोधन होत आले आहे आणि मराठवाड्यातील कितीतरी महाविद्यालयांतील अध्यापकांचे प्रबंध या विषयावर आहेत. फेराइट म्हणजे लोह आणि दुसऱ्या एखाद्या धातूचे ऑक्साइड. त्याचा नैसर्गिक भाऊ मॅग्नेटाइट आपल्या काळ्या पाषाणात असतो. ओढ्याच्या वाळूत लोहचुंबक फिरवला की जे काळे कण चिकटतात त्यांत तो सापडतो. या स्फटिकात एका धातूच्या जागी दुसरा घातला की स्फटिकाचे घर फुगते किंवा आकसते, आणि ते क्ष-किरणांनी मोजता येते. निकेल फेराइटचे घर ८३४ पिकोमीटरचे. त्यातील लोहाच्या जागी ॲल्युमिनिअम घालत गेले तर काय होईल? धातूंच्या त्रिज्या पाहिल्या तर लोह १२६, ॲल्युमिनिअम १४३. मोठा अणू घातला, घर फुगले पाहिजे. शाळेत शिकलेल्या आकारमानावर विसंबलेला विद्यार्थी असेच उत्तर देतो, आणि तोंडी परीक्षांत आम्ही ते अनेकदा ऐकले आहे. प्रत्यक्षात घर आकसते. सर्व लोह काढून ॲल्युमिनिअम घातले की ते ८०५ वर येते. कारण तेथे अणू नसतातच, आयन असतात. त्रिप्रभारी लोह आयनाची त्रिज्या ६४.५ आणि ॲल्युमिनिअमची ५३.५. ॲल्युमिनिअमने तीन इलेक्ट्रॉन गमावले की त्याची अख्खी बाहेरची कक्षा रिकामी होते. लोहाजवळ मात्र पाच डी-इलेक्ट्रॉन शिल्लक राहतात.

हे आकडे शॅनन यांच्या १९७६ च्या कोष्टकातील आहेत. जगभरचे स्फटिकवैज्ञानिक आजही ते वापरतात. त्या कोष्टकाचा चांगुलपणा असा की प्रत्येक आकड्याबरोबर शेजाऱ्यांची संख्या छापलेली आहे. तोच लोह आयन सहा ऑक्सिजनांमध्ये ६४.५ असतो, चौघांमध्ये ४९. मापाची अट आकड्यापासून वेगळी करता येत नाही हे ते कोष्टक पावलोपावली बजावते. आपले शालेय कोष्टक नेमके याच्या उलट वळण लावते.

अजिंठा आणि वेरूळची लेणी ज्या बेसाल्टात कोरली तो दगड आयनांच्या आकाराचाच हिशेब आहे. त्यातील प्लॅजिओक्लेज या खनिजात सोडिअम (१०२) आणि कॅल्शिअम (१००) एकमेकांच्या जागा बिनदिक्कत घेतात. आवर्तसारणीत ते वेगळ्या गणात आणि वेगळ्या आवर्तात आहेत, पण दगडाला त्याचे सोयरसुतक नाही. सोडिअमचा सख्खा गणबंधू पोटॅशिअम (१३८) मात्र तेथे फारसा मावत नाही. तो याच दगडाच्या पोकळ्यांत तयार होणाऱ्या हिरव्या मातीत, सेलाडोनाइटात, थरांच्या मध्ये जाऊन बसतो. अजिंठ्याच्या चित्रांतील हिरवा रंग या हिरव्या मातीचा आहे.

पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांची अडचण आम्हांस कळत नाही असे नाही. पाने मोजून मिळतात, पंधरा वर्षांच्या मुलांसमोर तीन प्रकारच्या त्रिज्या मांडणे जड जाते, आणि बाण परीक्षेला सोयीचे असतात. तीन प्रकार शिकवा असा आमचा आग्रहही नाही. कोष्टकाखाली 'हे आकडे शेजारील अणूंच्या केंद्रकांमधील अंतराच्या निम्मे आहेत. पहिले दोन धातूतील, बाकीचे बंधातील' एवढी एक ओळ छापायला जागा लागत नाही. सहा मूलद्रव्यांच्या यादीला तांबे, चांदी, सोने यांची दुसरी यादी जोडता येईल आणि तेथे तांबे १२८, चांदी १४४, सोने १४४ एवढेच देऊन 'काय अपेक्षित होते?' असे विचारता येईल. पुस्तक बदलेपर्यंत थांबण्याचे शिक्षकांना कारण नाही. घटक चाचणीचा कागद तर त्यांच्याच हाती असतो. 'आवर्तात अणुत्रिज्या कमी होत जाते, शास्त्रीय कारण लिहा' याऐवजी पुढील प्रश्न घालून पाहावा: एका तक्त्यात फ्लुओरिनची त्रिज्या ५७ आणि निऑनची १६० पिकोमीटर दिली आहे; दोन्ही आकडे बरोबर आहेत; तरीही निऑनचा अणू फ्लुओरिनपेक्षा मोठा आहे असे म्हणता येत नाही. असे का, ते सांगा.